खंडेनवमीनंतर गळू लागलेला फिश टँक

नळदुर्ग
२१ ऑक्टोबर २०२४

श्री. शिवपुत्र यांस,

पत्र लिहिण्यास कारण की, तू मे महिन्यात आमच्या वास्तुशांतीला पाठवलेला फिश टँक गळतो आहे.

हे एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. सहा वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे सुरुवात कुठून करावी तेच कळेना. खुशाली विचारावी तर तू म्हणशील, आता आठवली होय. म्हणून म्हटलं सरळ कामाचंच लिहावं. तर गळतो आहे. मागच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या काचेतून, मिनिटाला अकरा थेंब. मी घड्याळ लावून मोजले आहेत.

अप्पा गेले तेव्हा तू आलास, मातीला उभा राहिलास आणि माझ्याकडे न बघता पुण्याची गाडी धरलीस. वास्तुशांतीची पत्रिका तुला पोस्टानं टाकली ती केवळ रीत म्हणून. खोटं कशाला बोलू, तू येशील म्हणूनच टाकली. तू आला नाहीस, टेम्पोतून टँक आला. सोबत चिठ्ठी नव्हती. पण सख्ख्या धाकट्या भावानं एवढी मोठी काचेची वस्तू पुण्याहून नळदुर्गला पाठवली म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं मी धरून चाललो. गिरणीवर दळायला येणाऱ्या प्रत्येकाला वर हॉलमध्ये नेऊन दाखवला. "शिवपुत्रनं दिलाय," असं सांगताना बरं वाटायचं. आता त्याच लोकांना त्या टँकखाली परात ठेवलेली दिसते.

मासे पाच आहेत. तुझ्या वहिनीनं, म्हणजे शिवकांतानं, त्यांच्या खाण्याच्या डबीवर झिंग्याची भुकटी असं वाचलं आणि डबी उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवली. लिंगायताच्या घरात झिंगा चालणार नाही, मग तो माशासाठी का असेना. तेव्हापासून मासे कणकेच्या गोळ्यांवर आहेत. गिरणी आपलीच असल्यानं त्यांना ताजी कणीक मिळते आणि ते चांगले गुबगुबीत झाले आहेत. सध्या त्यांचा मुक्काम आंघोळीच्या पितळी घंगाळात आहे आणि आम्ही बादलीत आंघोळ करतो.

मुद्दा असा की वॉरंटी एक वर्षाची आहे आणि काचेत जन्मापासूनच दोष असणार, असं माझं ठाम मत आहे. गळती योगायोगानं खंडेनवमीच्या संध्याकाळी सुरू झाली. कंपनीला मूळ बिल लागतं आणि ते तुझ्याकडे आहे. तेवढं पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

महांतप्पा


नळदुर्ग
३० ऑक्टोबर २०२४

चि. शिवपुत्र यास,

बिल मिळालं. पाकीट उलटं करून झटकलं, आतून फुंकर मारून बघितलं. बिलच होतं फक्त. मीच तसं लिहिलं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. पण पत्ता तुझ्या अक्षरात होता. अजूनही तू 'ळ' असा काढतोस की दोन डोळे वाटतात.

सध्या दिवाळीची भाजणी दळायला झुंबड आहे. खाली बायकांची रांग आणि वर मी कंपनीशी फोनवर. तिथं फोन घेणाऱ्या पोरीला कंपनीनं फार गोड बोलायला शिकवलं आहे. माझी तक्रार ऐकून तिला प्रत्येक वेळी फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटून झालं की ती नवीन प्रश्न काढते. टँक समपातळीत आहे का? आहे, मी त्यावर पाण्याची वाटी ठेवून बघितलं. खाली थर्माकोलची पट्टी आहे का? आहे. माशांना कोणतं खाद्य देता? मी म्हटलं, गव्हाचं. तिनं ते दोनदा विचारून लिहून घेतलं.

मग तिनं फोटो मागितले. मी सहा काढून पाठवले. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला की काचेवर तांबडे डाग आहेत आणि हवेच्या पंपावर तीन पांढरे आडवे पट्टे दिसतात, हे कंपनीचे नाहीत, काय आहे ते? आता तिला काय सांगू? मी म्हटलं, इकडचं पाणी खारं आहे.

तुला सांगायला हरकत नाही, कारण आपल्या घरातली रीत तुला माहीत आहे. अप्पांचा नियम होता, ज्याला मोटर त्याची खंडेनवमीला पूजा. गिरणी, मिरची कांडप, विहिरीची मोटर, मिक्सर, स्कूटर. अप्पांनी तर एकदा पाहुण्यांच्या कारलाही भस्माचे पट्टे ओढले होते आणि पाहुणे हैदराबादपर्यंत तसेच गेले. फिश टँकच्या पंपाला मोटर आहे. पुन्हा तो तू दिलेला. मग त्यालाच वगळायचं का? म्हणून भस्म लावलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजेनं काच फुटत असती तर देवघरातल्या तसबिरी कधीच फुटल्या असत्या. तेव्हा पूजेचा आणि गळतीचा संबंध नाही.

कंपनी सोलापूरहून माणूस पाठवणार आहे. तो काय म्हणतो ते कळवीन.

दिवाळीला ये असं लिहिणार होतो. पण सुट्टी नसेल तुला.

महांतप्पा


नळदुर्ग
९ नोव्हेंबर २०२४

चि. शिवपुत्र यास आशीर्वाद,

कंपनीचा माणूस काल येऊन गेला. गौरीशंकर नाव, सोलापूरचा, जाड चष्मा, खिशाला चार पेनं. आल्या आल्या चहा नको म्हणाला तेव्हाच मला वाटलं की हा त्रास देणार. त्यानं बॅटरी काढली आणि हॉलच्या फरशीवर चक्क आडवा झाला. पाऊण तास तो टँकखाली आणि आम्ही दोघं नवरा-बायको त्याच्या पायांकडे बघत उभे.

आडव्यानंच त्यानं विचारलं, "काका, हितं एम-सील कुणी लावलंय?"

मी म्हटलं, कंपनीनंच लावलं असेल.

"कंपनी शाईच्या पेनाच्या टोपणानं दाबत न्हाय काका. गोल गोल खुणा दिसतेत."

मग तो बाहेर आला. त्याच्या हातात करवंटीचा टवका होता, नखाएवढा. त्यानं तो खिडकीपाशी नेऊन चष्मा वर करून बघितला, शर्टाच्या खिशात टाकला आणि म्हणाला, "आता च्या चालंल."

करवंटीचं मी तुला एवढंच सांगतो की घर म्हटलं की नारळ असतोच. तो कुठंही असू शकतो.

चहा पिताना त्यानं मला समजावून सांगितलं. माणूस तसा वाईट नाही. दोन भावांचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला, टँक धाकट्यानं दिलाय वगैरे. त्याचंही थोरल्याशी बोलणं नाही म्हणाला. मग पेन टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, म्या काय बघितलं ते कागदावर येत न्हाय. कागदावर फकस्त खरेदीदाराचं येतं. त्यांनी लिवून दिलं की टँकला कसला मार बसला न्हाय, तर नवा टँक पंधरा दिसात. न्हाय दिलं तर न्हाय."

म्हणजे सगळं तुझ्यावर येऊन थांबलं आहे. सोबत त्याचा फॉर्म जोडला आहे. पाचव्या कलमात प्रश्न आहे, 'वस्तूस कोणताही आघात झाला आहे काय?' त्यापुढे 'नाही' असं लिहायचं आणि खाली सही करायची. दोन अक्षरांचं काम आहे. अठरा तारखेच्या आत त्यांच्या सोलापूरच्या ऑफिसात पोचलं पाहिजे.

शिवकांता म्हणते की फॉर्म पाठवू नका, जाऊ द्या तो टँक. मी म्हटलं, कसा जाऊ देऊ? सहा वर्षांत त्याच्याकडून आलेली एवढी एकच गोष्ट आहे. ती मी भंगारात घालू का?

सही करून पाठवशील ना?

महांतप्पा


नळदुर्ग
११ नोव्हेंबर २०२४

चि. शिवपुत्र,

परवाचा फॉर्म मिळाला असेल तर सही करू नकोस. आधी हे वाच.

परवाचं पत्र पेटीत टाकून घरी आलो तर शिवकांता ताट वाढून बसली होती. मी जेवायला बसलो आणि ती म्हणाली, "पुन्हा एकदा त्याच्याच नावानं खोटं लिवून घ्यायलाव व्हय?"

तिनं 'पुन्हा' म्हटलं. मी तिला कधी काही सांगितलेलं नाही, तुला शपथेवर सांगतो. बायकांना कुठून कळतं देव जाणे. मी ताटावरून उठलो नाही, पण जेवलोही नाही. आता एकेक करून सांगतो. आधी सोपं.

टँक मी फोडला. आपण गिरणीपुढं दगडावर नारळ फोडतो. वर हॉलमध्ये दगड नाही आणि नव्या फरशीवर फोडाल तर खबरदार, असं शिवकांतानं आधीच बजावलं होतं. तेव्हा मी टँकच्या लोखंडी स्टँडचा कोपरा निवडला. पहिल्या दणक्याला नारळ फुटला नाही. दुसऱ्यालाही नाही. मोटरीचा नारळ तिसऱ्या दणक्यापर्यंत फुटला नाही तर वर्ष वाईट जातं असं अप्पा म्हणायचे, म्हणून तिसरा जरा जोरात हाणला. नारळाचे दोन तुकडे झाले आणि खालच्या काचेवर बोटभर रेघ उठली. शिवकांता म्हणाली, "माशाच्या घरावर नारळ फोडत्यात व्हय कुणी?" मी म्हटलं, रेघ आधीपासूनच असेल. हे मी इतक्या पटकन म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. संध्याकाळपर्यंत ते मला पटलंही होतं.

आता दुसरं.

२०१८ सालची दिवाळी. भाजणीचे दिवस, गिरणीवर हीच रांग. दुपारची पाळी तुझी होती. तू जेवायला गेलास आणि मला म्हणालास, अर्धा तास बघ. मी दहा मिनिटं बघितलं. मग हायवेच्या ढाब्यावर गरम भजी निघतात म्हणून निघालो. ज्वारी ओली होती, जातं अडकलं, पट्टा जळाला आणि मोटर पेटली. तू धूर बघून धावत आलास, मागून अप्पा आले. वीस-पंचवीस बायकांसमोर अप्पा तुला म्हणाले की उद्यापासून गिरणीत पाय टाकायचा नाही. मी तोपर्यंत परत आलो होतो. दारात उभा होतो. हातात भज्यांचा पुडा होता.

तू माझ्याकडे बघितलंस. अप्पांकडे नाही, माझ्याकडे. मी बोलेन म्हणून तू वाट बघत होतास हे मला तेव्हाच कळलं होतं. मी काय केलं तर पुडा पाठीमागे लपवला.

संध्याकाळी तू गेलास. पुण्यात मोटर रिवायंडिंग शिकलास आणि भोसरीला दुकान टाकलंस हे मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. जळालेल्या मोटरीवरून ज्याला घराबाहेर काढलं तो जळालेल्या मोटरी दुरुस्त करतो, हे ऐकून मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. अप्पांना सांगायचं उद्यावर टाकत गेलो आणि अडीच वर्षांनी अप्पाच गेले. त्यांना खरं न कळता गेले. याची मला लाज वाटते. शिवपुत्र, मला फार लाज वाटते.

तेव्हा पाचव्या कलमात 'नाही' लिहू नकोस. एकदा तुझ्या नावावर माझं खोटं चढवलं, तेवढं पुष्कळ झालं. फॉर्म फाडून टाक. टँक गेला तर जाऊ दे.

महांतप्पा


नळदुर्ग
१५ नोव्हेंबर २०२४

चि. शिवपुत्र,

तुझं उत्तर नाही. येईल असंही नाही.

पण पत्र टाकल्यावर मला वाटलं, अप्पा तुला पंचवीस बायकांसमोर बोलले आणि मी बंद पाकिटात कबूल होतो, हा काही हिशेब झाला नाही. म्हणून काल सकाळी गिरणीच्या फळ्यावरचे दळणाचे दर पुसले आणि खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं:

'२०१८ च्या दिवाळीत या गिरणीची मोटर जळाली ती माझ्या चुकीनं. शिवपुत्रची चूक नव्हती. मी भजी खायला गेलो होतो. — महांतप्पा'

लिहून मी जात्यापाशी उभा राहिलो. पहिले गोरोबा आले, पाच पायली ज्वारी घेऊन. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "म्हंजी आज दळण बंद हाय का?"

मी म्हटलं, चालू आहे.

"मग दर काय हाय?"

दर मी पुसून टाकले होते. दिवसभर प्रत्येकाला तोंडी सांगावे लागले. एका बाईनं फळा वाचून विचारलं की जुन्या मोटरची वॉरंटी आता मिळेल का. हायवेच्या ढाबेवाल्याला कुणीतरी फोटो पाठवला, त्याचा फोन आला. त्याच्या भज्यांची जाहिरात झाली म्हणून तो खूश होता.

दुपारी कमलबाई आल्या. त्या दिवशीच्या रांगेत त्या शेवटी, दाराबाहेर होत्या, तुला आठवत असतील, पेठेतल्या. त्यांनी फळा वाचला, डबा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आमाला म्हाईत होतं की."

"काय म्हाईत होतं?"

"तुमी पुडा पाठीमागं धरला हुता. आमी पाठीमागंच उभ्या हुतो."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? तर म्हणाल्या, "घरचं भांडण तुमचं. आमी म्हणलं आज बोलंल, उद्या बोलंल. लई येळ लावलासा बगा." आणि डबा उचलून तराजूवर ठेवला.

म्हणजे सहा वर्षं मी ज्यांच्यापासून लपवत होतो त्या सगळ्यांना ठाऊक होतं. अंधारात होते ते फक्त अप्पा.

फळा अजून पुसलेला नाही. शिवकांतानं दर वेगळ्या पुठ्ठ्यावर लिहून शेजारी लावले आहेत.

महांतप्पा


नळदुर्ग
३ डिसेंबर २०२४

शिवपुत्र,

दावा नामंजूर झाला.

कंपनीचं पत्र आज दुपारी आलं. सोबत गौरीशंकरनं तू भरून पाठवलेल्या फॉर्मची झेरॉक्स जोडली आहे. तू तो फाडला नाहीस हे मला तेव्हा कळलं. गिरणी चालू होती, हात पिठाचे होते, म्हणून शिवकांताला वाचायला सांगितलं. ती पाचव्या कलमाशी आली आणि थांबली. म्हणाली, तुमीच वाचा. मी हात धुतले आणि वाचलं.

'वस्तूस कोणताही आघात झाला आहे काय?' यापुढे तू लिहिलं आहेस: 'होय. आमच्या अण्णांनी पूजा करताना स्टँडवर नारळ फोडला. त्यांनी ते प्रेमानं केलं. कंपनीचा दोष नाही. काय करायचं ते आम्ही दोघं भाऊ बघून घेऊ.'

ओळ जागेत मावली नाही म्हणून तू कडेनं उभी लिहीत वरपर्यंत गेला आहेस. मी कागद फिरवत फिरवत वाचला. सहा वर्षांनी तू मला अण्णा म्हणालास, तेही सोलापूरच्या तक्रार विभागाला. मी रडलो. लपवत नाही, गिरणीत रडलो, बिराप्पाचे गहू जात्यात होते तरी रडलो. बिराप्पा म्हणाला, टँकचं एवढं मनाला लावून घेऊ नका, नवा मिळंल. मी म्हटलं, दावा नामंजूर झाला म्हणून रडतोय मी. खोटं बोललो खरं, पण त्याला सगळं सांगत बसलो असतो तर त्याचा आटा जाड राहिला असता.

खालची काच सोलापुरात कापून मिळते असं गौरीशंकरच फोनवर म्हणाला. त्यानं दुकानाचा पत्ता दिला. जाता जाता हेही म्हणाला की तुझा फॉर्म वाचून त्यानं त्याच्या थोरल्याला फोन लावला, पण त्यानं उचलला नाही. मी त्याला सांगितलं, पत्र लिही.

काचेचं माप मी घेतलेलं नाही. तू आल्यावर दोघं मिळून घेऊ. सोमवारी गिरणी बंद असते हे तुला माहीत आहे, पण सोमवारची वाट बघू नकोस. तू ज्या दिवशी येशील त्या दिवशी बंद ठेवीन.

तुझा अण्णा